दीपगृहाच्या सिनेमाचा शेवट

खोटं बोलू नये, हे मला लहानपणापासून पुष्कळांनी सांगितलं. पण एकदा बोललेलं खोटं अडतीस वर्षं सांभाळायचं कसं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मांजराचं पिल्लू म्हणून घरात घ्यावं आणि त्याचा वाघ व्हावा, तसं ते वाढत जातं. त्याला रोज खाऊ घालावं लागतं, पाहुण्यांसमोर फिरवावं लागतं, आणि ते आपल्यालाच कधी खाईल याची धास्ती घेऊन उशाशी झोपावं लागतं.

माझं पिल्लू एका सिनेमागृहात जन्मलं. आमचं लग्न ठरण्याआधी मला आणि हिला एकदा, फक्त एकदाच, सिनेमाला जायची परवानगी मिळाली. सोबत हिची मावशी. मावशी कुठं बसली हे सांगायला नकोच. आमच्या मध्ये बसली. सिनेमा होता दीपगृहाचा. त्याला एक लांबलचक नाव होतं, पण ते कधीच कुणी घेतलं नाही. सगळे दीपगृहाचा सिनेमाच म्हणायचे. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, तिच्यावर जीव जडलेला अकॉर्डियन वाजवणारा एक खलाशी, आणि चौदा गाणी. त्या वर्षी ही गाणी ज्याच्या तोंडी नव्हती तो माणूस एकतर मुका होता किंवा न्यायाधीश. आमचा न्हावी तर त्या तालावर कात्री चालवायचा. ध्रुवपदाला केस बारीक व्हायचे आणि कडव्यात लांब राहायचे.

तर मध्यंतराला धुक्यात जहाज निघून जातं, ती कठड्यावरून हात हलवत राहते, आणि सिनेमागृहात दिवे लागतात. दिवे लागल्यावर कळलं की मावशीचं डोकं ठणकतंय.

"मी मावशीला घरी नेते," ही म्हणाली. "तुम्ही बसा. बघा सगळं, आणि उद्या मला शेवट सांगा. नीट सांगा हं."

हिनं मला सांगितलेलं ते पहिलं काम. मी छाती काढून आत गेलो, आता मावशी नाही म्हणून तीन खुर्च्यांत ऐसपैस पसरलो, आणि झोपलो. मी तेव्हा भूमापन खात्यात होतो. आठवडाभर उन्हात साखळी ओढत शेतं मोजली होती. हे कारण मी अडतीस वर्षं तयार ठेवलं होतं. ते कधी लागलंच नाही. कारण झाडूवाल्यानं झाडूच्या दांड्यानं उठवलं ते खुद्द त्याला सोडलं तर कुणालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ही फाटकात उभीच. "मग? काय झालं शेवटी?"

इथं सज्जन माणूस म्हणाला असता, माफ करा, डोळा लागला. मीही सज्जनच आहे, पण माझी घडण कीर्तनाची. बुवांनी गाऊन कथा रंगवावी आणि आपण खांबाला टेकून डोळे पुसावेत, यात माझं बालपण गेलेलं. समोरचा माणूस मान कलती करून "मग?" म्हणाला की मला गप्प बसवतच नाही. तोंड उघडलं आणि कथा आपोआप बाहेर आली.

"बारा वर्षं जातात," मी म्हणालो. "ती रोज तिन्हीसांजेला दिवा लावते. एक दिवस ते जहाज परत येतं. पण वादळात त्याची दृष्टी गेलेली असते. सुकाणू त्याच्या हातात, दिवा जळतोय, पण त्याला दिसणार कसा? जहाज निघालं खडकांकडे. मग ती दिवा सोडून कठड्यावर येते आणि गाते. पहिलंच गाणं. आणि तो त्या सुरावर सुकाणू वळवत किनाऱ्याला लागतो." आणि सवयीनं पदरचं तात्पर्यही जोडून दिलं: "जिथं उजेड पोचत नाही, तिथं सूर पोचतो."

ही पाठमोरी झाली. पदर डोळ्यांकडे गेलेला मी पाहिला. आठ दिवसांत लग्न ठरलं.

म्हणजे लोकांचा संसार विश्वासाच्या पायावर उभा असतो. माझा एका डुलकीवर उभा आहे.

पुढं तो सिनेमा कुठं लागलाच नाही. गाणी रेडिओवर वाजत राहिली आणि शेवट माझ्यापाशी राहिला. बारशाला, साखरपुड्याला, कुणाच्या निवृत्तीला, चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचं, "काका, तो दीपगृहाचा शेवट सांगा ना." मी आढेवेढे घ्यायचो, आणि मग सांगायचो. एका दिव्याचे पाच झाले. बाराची चौदा वर्षं झाली. मधेच एक पांढरा पक्षी आला, तो कुठून आला मलाही माहीत नाही. आमच्या इमारतीत सिनेमा न पाहिलेले निम्मे लोक होते, पण शेवट न ऐकलेला एकही नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, वरच्या मजल्यावरचे वजनमापे एका सकाळी दारात उभे राहिले. हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले आणि अजून जगातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा संशय आहे.

"तुमच्यासाठी आनंदाची बातमी," ते म्हणाले. "दीपगृहाचा सिनेमा सापडला! आपल्या जुन्या सिनेमागृहाचा ऑपरेटर आहे ना, त्याच्या माळ्यावर. सोळाच्या सोळा रिळं, पत्र्याच्या डब्यांत. यंत्रही आहे. म्हणाला, तुमच्या सभागृहात लावतो."

मी चहाचा कप खाली ठेवला. "इतकी जुनी रिळं... आता कुठली चालायला," मी म्हणालो.

आतून आवाज आला. "आणाच तो सिनेमा. मला एकदा शेवट बघायचाय." ही हात पुसत बाहेर आली. "इतकी वर्षं नुसता ऐकतेय."

वजनमाप्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी हसलो. समोर आरसा नव्हता म्हणून बरं.

त्याच संध्याकाळी इमारतीच्या समितीची बैठक. आमचे सचिव 'ठराव' या नावानं ओळखले जातात, कारण त्यांच्या वहीत नोंद झाल्याशिवाय आमच्याकडे पाणीसुद्धा वर चढत नाही. मी उठून अडचणी मांडल्या. सभागृहात ओल आहे. खुर्च्या कडक आहेत. तीन तास बसून म्हाताऱ्यांचे गुडघे धरतील. नवीन पिढीला असलं काय आवडणार!

"बघा," ठराव गहिवरून म्हणाले, "किती बारीक विचार करतात! यांनाच प्रमुख नेमावं. यांच्याइतका तो सिनेमा कुणाला ठाऊक आहे?" टाळ्या. नोंद. अनुमोदन तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं.

त्या क्षणापासून प्रत्येक सभासद चित्रपटव्यवसायात पडला. डॉक्टर म्हणाले, पडदा नको, समोरची भिंतच पांढरी करा. रंगारी आला आणि टिकाऊ काम हवं म्हणून त्यानं भिंतीला तेलाचा रंग चोपला. भिंत अशी लखलखू लागली की समोर बसणाऱ्याला सिनेमाऐवजी स्वतःचं तोंड दिसावं. मग तिच्यावर दोन चादरी जोडून लावायच्या ठरल्या. चादर कुणाची यावरून दोन मजले एकमेकांशी बोलेनासे झाले. वजनमाप्यांनी ओळंबा सोडून पाहिला आणि जाहीर केलं की जमीन दोन बोटं उतरती आहे, सबब नायिकेचा डावा गाल उजव्यापेक्षा मोठा दिसेल. ठरावांनी तेही लिहून घेतलं.

मला यातल्या प्रत्येक संकटाचा मनातून आनंद होत होता. वरून मी कपाळावर आठ्या घालून हिंडायचो, आणि आत देवाला म्हणायचो, असंच चालू दे. पण देवाला खोट्या माणसाची प्रार्थना ऐकू येते ती उलटी. दुपारपर्यंत संकट मिटलेलं असायचं. मिटवणारी बहुतेक वेळा हीच. दोन मजल्यांचं भांडण हिनं आमच्याच दोन चादरी देऊन मिटवलं. शिवायला बसली तेव्हा काहीतरी गुणगुणत होती.

"हे कुठलं गाणं?" मी विचारलं.

"त्यातलंच. छत्र्यांचं. मध्यंतरानंतर नाही का येत? आठवत नाही तुम्हांला?"

"न आठवायला काय झालं!" मी म्हणालो. रेडिओवर ऐकलं असेल, असं मनाशी म्हणून मी तिथून निघालो. आता लिहिताना माझ्याच अकलेची कीव येते.

शेवटी माझी सगळी मदार सरकारी कचेरीवर होती. शंभराहून जास्त माणसं जमायची तर अग्निसुरक्षेचा परवाना लागतो. मी स्वतः जन्मभर सरकारी नोकरी केलेली. अर्ज नामंजूर कसा होतो हे मला कोण शिकवणार? मी चार रकाने कोरे ठेवले, एक चुकीचा भरला, सही भलत्या जागी केली आणि नकाशाऐवजी हिच्या चष्म्याच्या नंबराचा कागद जोडला. असा परिपूर्ण अर्ज माझ्या उभ्या हयातीत मी पाहिला नव्हता.

खिडकीतल्या कारकुनानं तो डोळ्यांसमोर धरला. चेहरा असा की घरी मुलंसुद्धा याला अर्ज करून जेवण मागत असावीत. मला धीर आला.

"हे काय आहे?"

"नकाशा."

"यात अक्षरं आहेत. खाली खाली लहान होत गेलेली."

"लांबून बघायचा असतो," मी म्हणालो.

त्यानं पेन उघडलं. आता लाल शेरा पडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. "प्रयोजन काय लिहिलंय? सिनेमा. कोणता?"

"दीपगृहाचा. म्हणजे जुना आहे, तुम्ही कशाला..."

पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.  मी डोळे उघडले तर तो छताच्या पंख्याकडे पाहत होता, आणि त्याच्या मिशीखालून अगदी बारीक आवाजात पहिलं गाणं येत होतं. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी फायलीतून मान वर न करता दुसरी ओळ उचलली. कपाटामागून कुणीतरी अकॉर्डियनची जागा तोंडानं भरली. दहा वर्षं बंद असलेलं एक दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. मला वाटलं, आता सगळ्यांची झाडाझडती होणार. साहेब दाराला टेकून उभे राहिले आणि कडवं त्यांनी घेतलं.

गाणं संपल्यावर कारकुनानं नाक शिंकरलं. "माझी आई दळताना म्हणायची," तो म्हणाला, आणि माझे कोरे रकाने त्यानं स्वतःच्या अक्षरात भरून दिले. "काय शेवट होता हो! ती बुडते आणि तो दिवा विझतो. मी आठ दिवस जेवलो नव्हतो."

"बुडते कुठं?" फायलीतल्या बाई म्हणाल्या. "जहाजात बसून दोघं निघून जातात. मी समोर बसून पाहिलंय."

"तो तिचा भाऊ निघतो," साहेब म्हणाले आणि शिक्का मारला.

परवाना हातात घेऊन मी पायऱ्या उतरलो. एवढ्या वेगानं त्या कचेरीतून आजवर फक्त बदलीचे हुकूम निघाले असतील. पण एक आशा जागी झाली होती. तिघांनी तीन शेवट सांगितले आणि तिघंही शपथेवर तयार. बुवांची कथा घरी पोचेपर्यंत आपण विसरतो आणि चाल तेवढी उरते, मग त्या चालीवर जो तो आपल्याला हवी ती कथा बसवतो, तसंच हे. लोक त्या सिनेमाच्या प्रेमात होते खरे. पण जो तो स्वतःच्याच सिनेमाच्या प्रेमात होता. म्हणजे अख्ख्या गावात खोटारडा मी एकटा नव्हतो. फक्त माझ्या घरी तपासणी व्हायची होती.

ती टाळायला एकच गोष्ट उरली. सोळावं रीळ.

मी चोरी करायच्या विचारापर्यंत कसा पोचलो हे मला पायरी-पायरीनं सांगता येईल, पण त्यात वाचकांचं चारित्र्यही धोक्यात येईल. खेळाच्या आदल्या दिवशी दुपारी डबे आमच्याच घरी ठेवले होते, प्रमुख म्हणून. मी सोळावा डबा उचलला आणि आमच्या खाटेखाली, जुन्या सतरंजीत गुंडाळून सरकवला. तेवढं करून कमरेत उसण भरली. हा तत्काळ न्याय म्हणायचा. रीळ हरवलं, असं मी दुःखानं सांगेन. पंधरा रिळं पाहून लोक रडतील. आणि मी उठून शेवट तोंडी सांगेन. बेत इतका सुंदर होता की मला मीच पुन्हा आवडायला लागलो.

खेळ दुपारी चारचा. तीनलाच सभागृह भरलं. कचेरीतले तिघंही सहकुटुंब आलेले. ऑपरेटर म्हातारा झाला होता, पण त्यानं यंत्रावरचं कापड असं दूर केलं की जणू झोपलेल्या नातवाच्या अंगावरचं पांघरूण. त्यानं डबे मोजले. "पंधरा," तो म्हणाला.

मी तोंडावर दुःख आणायला सुरुवात केली होती. इतक्यात ही मधल्या वाटेनं आली, दोन्ही हातांत सोळावा डबा.

"हा खाटेखाली राहिला होता," ती म्हणाली. "यांनी जपून सतरंजीत ठेवलेला. शेवटच आहे ना, हरवायला नको."

"किती जीव लावतात," वजनमापे शेजारच्याला म्हणाले.

दिवे गेले. यंत्र घरघरलं. चादरीच्या शिवणीवर समुद्र उमटला, शिवणीत नायिकेचं नाक आलं, डावा गाल खरंच मोठा दिसला. आणि मग पहिलं गाणं लागलं.

खरं सांगतो, त्या गाण्यापुरता मी माझी भीती विसरलो. त्या चित्रात ओरखडे इतके की सगळीकडे पाऊस पडत होता. आवाज मधेच विहिरीतून यायचा. पण दोनशे माणसांतल्या एकाचीही खुर्ची वाजेना. मग मागून कुणीतरी गुणगुणलं, मग बाजूनं, आणि दुसऱ्या कडव्याला सगळं सभागृह गात होतं. ज्यांना हे आवडणार नाही असं मी बैठकीत म्हणालो होतो ती पोरंसुद्धा. डॉक्टर गात होते, चादरीवरून भांडलेले दोन्ही मजले एका सुरात गात होते, वजनमापे पायानं ताल धरत होते आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचं माप चुकत होतं. ऑपरेटर यंत्राला टेकून उभा होता, डोळे मिटून. त्याला पडद्याची गरजच नव्हती. मी हिच्याकडे पाहिलं. आज मध्ये मावशी नव्हती. ही ओठ न हलवता गात होती.

मध्यंतर झालं. मी पाणी पिऊन आलो. "आता झोपू नका हं," ही म्हणाली. मी समजलो, माझ्या वयाला उद्देशून आहे.

आणि मग मी अडतीस वर्षांनी उत्तरार्ध पाहिला.

काय सांगू! धुक्यात गेलेला तो खलाशी परत येतो तो आंधळा होऊन नाही, तर सहायक बंदर अधिकारी होऊन. त्याच्या हातात नेमणुकीचा कागद असतो. तो कागद पडदाभर दाखवतात. नायिकेचा बाप तो वाचून दाखवतो, आणि तेही गाऊन. निवृत्तिवेतनाच्या कलमाला कोरस येतो. दीपगृहात विजेचं यंत्र बसतं. पूर्वार्धात बुडालेला काका कप्तान निघतो. नायिकेच्या मैत्रिणीचंही त्याच मांडवात लग्न लागतं. आणि स्वच्छ उन्हात तीस पोरी छत्र्या उघडून नाचतात. नायिका शेवटच्या गाण्यात गातच नाही. मागच्या ओळीत, छत्री धरून, नुसती डुलते.

'समाप्त' आलं. दिवे लागले. कुणी टाळी वाजवली नाही.

मी हिच्याकडे पाहायचं टाळलं. अडतीस वर्षांचा हिशेब आता शेजारच्या खुर्चीवरून सुरू होणार होता. आणि झालाही, पण भलत्याकडून.

"हा तो सिनेमा नव्हे!" वजनमापे उभे राहिले. "मालात भेसळ आहे!"

"ती बुडाली कुठं?" कारकून.

"भाऊ कुठंय?" साहेब.

"आणि तो आंधळा कसा नाही?" हे आमची अख्खी इमारत. "गाणं कुठंय? पक्षी कुठंय?" एक आजी तर हुंदके देत होत्या: "त्या पोरीच्या हातात छत्री दिली हो मेल्यांनी!"

ऑपरेटर हात जोडून सांगत होता की हेच रीळ, हाच शेवट, त्यानं स्वतः चारशे वेळा चालवलाय. त्याला कोण विचारतो! ठराव टेबलावर चढले. वही उघडली. "प्रस्तुत सभा असा ठराव करते की दाखवण्यात आलेला शेवट सदोष असून, आपल्या काकांनी आजवर सांगितलेला शेवटच खरा मानण्यात यावा."

इथं माझ्यातला भाविक जागा झाला. आपल्या खोट्यासाठी त्या गरीब ऑपरेटरला दोषी धरताना पाहून मला बसवेना. मी उठलो. कंबर धरून का होईना, ताठ उभा राहिलो.

"ऐका," मी म्हणालो. "शेवट हाच आहे. माझा खोटा. मी तो पाहिलाच नव्हता. मी झोपलो होतो."

 मग डॉक्टरांनी डोळ्याला रुमाल लावला. "याला म्हणतात विनय."

"अहो, खरंच झोपलो होतो! झाडूवाल्यानं उठवलं!"

"मोठी माणसं अशीच बोलतात," कचेरीतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या.

"कालचा डबासुद्धा मीच लपवला होता!"

"जपला होता," ठरावांनी दुरुस्ती केली आणि लिहून घेतलं: काकांनी नम्रपणे श्रेय नाकारले. "हात वर करा."

दोनशे हात वर गेले. ऑपरेटरचाही गेला, बिचाऱ्याला यंत्र घेऊन घरी जायचं होतं. माणसानं आयुष्यात एकदा सगळ्यांसमोर खरं बोलावं आणि ते बहुमतानं फेटाळलं जावं, याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही.

"विरोधात?" ठरावांनी रिवाज म्हणून विचारलं.

माझ्या शेजारचा एक हात वर गेला. शांतपणे. बांगड्यांचा तेवढा आवाज झाला.

घरी आल्याबरोबर हिनं चहाचं आधण ठेवलं. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो, साहेबांसमोर बसावं तसा.

"तुझा राग बरोबर आहे," मी म्हणालो. "अडतीस वर्षं फसवलं तुला."

"मला?" तिनं गाळणं शोधलं. "मी तो सिनेमा तुमच्या आधी तीनदा पाहिला होता. मैत्रिणींबरोबर. छत्र्यांसकट."

मी स्टूल घट्ट धरलं. "मग तेव्हा विचारलंस कशाला, शेवट काय म्हणून?"

"बघायचं होतं, तुम्ही काय सांगता. मावशी म्हणालीच होती, हा मुलगा आत गेल्या गेल्या झोपणार. तिचं डोकं काही दुखत नव्हतं. तिलाही बघायचं होतं."

"आणि तरी लग्नाला हो म्हणालीस? इतका खोटं बोलणारा माणूस!"

"इतकं वाईट खोटं बोलणारा," ती म्हणाली. "आंधळा माणूस बारा वर्षांनी जहाज हाकतो म्हणे! म्हटलं, याचं प्रत्येक खोटं मला बसल्या जागी कळेल. संसाराला आणखी काय लागतं?" तिनं कप माझ्यासमोर ठेवला. मग जरा थांबून, ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "आणि तो छत्र्यांचा शेवट मला कधीच आवडला नव्हता."

"म्हणजे माझा आवडला? मग विरोधात हात का वर केलास?"

ती वळली. आता मात्र रागावलेली होती. अडतीस वर्षांचा राग होता तो, आणि मी भलत्याच कारणासाठी त्याची वाट पाहत होतो.

"तो शेवट तुम्ही मला सांगितला होतात. फाटकात उभं राहून. मला एकटीला. पुढच्याच महिन्यात तुम्ही तो माझ्या भावाच्या साखरपुड्यात सांगितलात, मग शेजाऱ्यांना, मग दूधवाल्याला. पाच दिवे काय, पक्षी काय! आणि आज तर समितीनं वहीत लिहून घेतला. माझी गोष्ट, आणि सगळ्या गावाचा तिच्यावर हात वर!"

मला एकही तात्पर्य सुचलं नाही. असं फार क्वचित होतं.

दारावर टकटक झाली. "काका!" बाहेर ठराव होते. "ठरावावर सही हवी होती! आणि लोक थांबलेत खाली, म्हणतात, एकदा तुमच्या तोंडून शेवट..."

मी उठायला गेलो, सवयीनं. हिनं नुसतं पाहिलं. मी बसलो.

"त्यांना बरं नाही," ही आतूनच म्हणाली, आणि माझ्यासमोरचं दुसरं स्टूल ओढून बसली. मान कलती केली. "दिवे किती?"

"एक."

"वर्षं?"

"बारा. पक्षी नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग? काय झालं शेवटी?"

मी घसा साफ केला. तोंड उघडणार इतक्यात तिनं हातानं थांबवलं, उठली, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन दाराला कडी घालून आली.